घरचं आर्केड कॅबिनेट: कोणती खरेदी आधी, कोणती नंतर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आर्केड कॅबिनेट, म्हणजे जुन्या व्हिडिओ गेम पार्लरमधलं पडदा, जॉयस्टिक आणि बटणं असलेलं उभं खोकं, घरी बांधायला घेतलेली माणसं बहुतेक वेळा विचारतात, "मॉनिटर कोणता घेऊ?" किंवा "बटणं कुठली चांगली?" काम मात्र अडतं ते क्रमापाशी. चांगली वस्तूसुद्धा चुकीच्या वेळी घरात आली की बाकीचं सगळं तिच्या मापात कोंबत बसावं लागतं. मी दोन कॅबिनेटं बांधली. पहिल्याचं निम्मं काम उसवून पुन्हा करावं लागलं, दुसरं सरळ उभं राहिलं. दोन्हींचं सामान जवळजवळ सारखंच होतं, खरेदीचा क्रम तेवढा वेगळा. म्हणून इथली सगळी उत्तरं त्या क्रमाच्या अंगाने दिली आहेत.

## सगळ्यात आधी काय विकत घ्यायचं?

काहीच नाही. आधी कागद घ्या आणि तुम्ही खरोखर खेळणार आहात अशा दहा खेळांची नावं लिहा. "सगळेच हवेत" हे उत्तर इथे उपयोगाचं नाही, कारण त्यावरून एकही माप ठरत नाही.

नावं लिहून झाली की प्रत्येकापुढे तीन गोष्टी मांडा: पडदा आडवा की उभा, जॉयस्टिक किती दिशांची, बटणं किती. १९८० चा पॅक-मॅन उभ्या पडद्याचा आणि चार दिशांच्या जॉयस्टिकचा. खेळताना त्याला एकही बटण लागत नाही. १९८१ चा डाँकी काँगही उभाच, चार दिशा आणि उडीचं एक बटण. गॅलागा उभा, पण त्याची जॉयस्टिक फक्त डावीकडे आणि उजवीकडे जाते. १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ चा पडदा आडवा, जॉयस्टिक आठ दिशांची आणि प्रत्येक खेळाडूला सहा बटणं. निओ-जिओ या यंत्रावरच्या खेळांना चार बटणं पुरतात. १९८२ च्या रोबोट्रॉनमध्ये एकाच खेळाडूच्या दोन्ही हातांत एकेक जॉयस्टिक असते. सेंटिपीडला ट्रॅकबॉल, म्हणजे तळहाताने फिरवायचा गोळा लागतो, टेंपेस्टला गोल फिरवायचा स्पिनर.

आता हा कागद समोर ठेवून खरेदीचा विचार करा. दहापैकी आठ खेळ उभे निघाले तर आडवा मोठा टीव्ही घेऊन त्याचा बराचसा भाग काळाच राहणार. यादीत सहा बटणांचा एकही खेळ नसेल तर दोघांची मिळून बारा बटणं कशासाठी? ट्रॅकबॉल एकाच नावापुढे लिहिलेला असेल तर त्याच्यासाठी जागा राखा आणि खरेदी पुढे ढकला.

## क्रम ठरवण्याचा काही नियम आहे का?

आहे, आणि मी तो कसोशीने पाळतो. ज्या वस्तूचं माप आपल्याला बदलता येत नाही ती आधी. जी दुसऱ्या कशाच्या तरी मापाने कापून किंवा करून मिळते ती नंतर. मॉनिटर कापता येत नाही. बटणाचा व्यास कारखान्यात ठरलेला असतो. लाकूड मात्र हवं तसं कापता येतं, काच मापाने करून मिळते, चित्र हव्या त्या आकारात छापून मिळतं.

या नियमाने चाललं की आधी कॉम्प्युटर, एका खेळाडूची जॉयस्टिक आणि बटणं, आणि एन्कोडर (बटणांच्या तारा कॉम्प्युटरला जोडणारी पट्टी) येतो. मग मॉनिटर. त्यानंतर पुठ्ठ्याचा नमुना, ज्याला खर्च जवळजवळ नाहीच. नमुना पटला की दुसऱ्या खेळाडूचं सामान, स्पीकर आणि विजेचं सामान. त्यानंतर लाकूड आणि त्याच्या कडांची टी-मोल्डिंग पट्टी. कॅबिनेट उभं राहून खेळून झाल्यावर पडद्यापुढची काच, मार्की (माथ्याजवळची, मागून उजळणारी नावाची पाटी) आणि बाजूंची चित्रं.

## लाकूड आधी आणलं की काम सुरू झाल्यासारखं वाटतं. त्यात बिघडतं काय?

माझं पहिलं कॅबिनेट असंच सुरू झालं. १८ मिलिमीटर एमडीएफचे (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचे) दोन ताव आणले, एका तयार नकाशावरून बाजू कापल्या आणि आतली रुंदी ५२ सेंटिमीटर धरली. सांगाडा उभा राहिल्यावर २४ इंची मॉनिटर आला. १६:९ आकाराच्या २४ इंची मॉनिटरचा नुसता पडदाच ५३ सेंटिमीटर रुंद असतो, आणि माझा चौकटीसह ५४ भरला. तो दोन बाजूंच्या मधे तिरका धरला, एक कड आत गेली, दुसरी बाहेरच राहिली. दोन सेंटिमीटरचा प्रश्न होता.

एखादी फळी चुकली तर ती एक फळी बदलता येते. रुंदी चुकली की प्रत्येक आडवी फळी चुकते: तळ, माथा, पाठ, पुढचं दार, बटणांचं पॅनेल, मार्कीखालची पट्टी. दोन बाजू सोडून सगळं नव्याने कापलं. दुसऱ्या वेळी मॉनिटर टेबलावर पालथा ठेवून मोजपट्टीने स्वतः मोजला, मागे खुपसलेल्या केबलसकट. एचडीएमआयची पिन सरळ मागे निघत असेल तर तिला आणि तिच्या वळणाला मिळून पाच-सहा सेंटिमीटर खोली लागते, आणि ते माप माहितीपत्रकात कुठेच नसतं.

आणखी एक गोष्ट. २४४० बाय १२२० मिलिमीटरचा १८ मिलिमीटर जाडीचा एमडीएफचा अख्खा ताव सुमारे ४० किलोचा असतो. तो भिंतीला टेकवून महिनाभर ठेवला तर वाकतो, आणि दमट हवेत त्याच्या कडा फुगतात. मॉनिटर खोक्यात पडून राहिला तर त्याचं काही बिघडत नाही. लाकडाचं बिघडतं.

## मॉनिटर किती इंची घ्यावा?

जुने आर्केड खेळ ४:३ च्या पडद्यासाठी बनले होते, आणि आज सहज मिळतो तो १६:९. त्यामुळे खोक्यावर छापलेला आकडा तुमच्या खेळाचा आकडा नसतो. २४ इंची पडद्याची उंची सुमारे ३० सेंटिमीटर असते. त्यात ४:३ चं चित्र मावतं ते साधारण १९.६ इंचांचं. जुन्या कॅबिनेटांमध्ये १९ इंची ट्यूब सर्रास असायची, तेव्हा आडव्या खेळांसाठी २४ इंची अगदी बरोबर बसतो. २७ इंची घेतला तर हेच चित्र २२ इंचांचं होतं.

उभ्या खेळांचं गणित वेगळं. त्याच आडव्या २४ इंची पडद्यावर पॅक-मॅन लावला तर चित्र जेमतेम पावणेपंधरा इंचांचं दिसतं आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे. यादीत उभे खेळ जास्त असतील तर मॉनिटर कायमचा उभाच बसवा. कॅबिनेटही अरुंद होतं, घरात जागा कमी अडते. दोन्ही प्रकारचे खेळ तितकेच लाडके असतील तर फिरता मॉनिटर बसवता येतो, पण मग आतली रुंदी पडद्याच्या लांब बाजूपेक्षा जास्त लागते आणि वळताना कोपरे कुठे अडकत नाहीत हे कर्णाच्या मापाने तपासावं लागतं. पहिल्याच कॅबिनेटला हे करू नका असं माझं मत आहे. २७ इंची आडवा घ्या आणि उभे खेळ थोडे लहान बघा.

आयपीएस प्रकारच्या पडद्याचा मॉनिटर घ्या, हे मात्र ठासून सांगतो. स्वस्त टीएन प्रकारच्या पडद्याचे रंग वर-खालच्या कोनातून बघितलं की बदलतात. मॉनिटर उभा केला की हाच दोष डाव्या-उजव्या कोनावर येतो आणि शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या खेळाडूला फिकं, उलटसुलट रंगांचं चित्र दिसतं.

## मॉनिटर लवकर घेतला आणि तो महिनोन्‌महिने पडून राहिला तर?

आल्या दिवशीच तपासा. परत करण्याची मुदत तुमच्या सुतारकामासाठी थांबत नाही.

चालू मॉनिटरची पिन भिंतीतून काढा, दहा सेकंद थांबा, पुन्हा लावा. तो आपोआप चालू झाला तर उत्तम. कॅबिनेटमध्ये बसल्यावर त्याच्या बटणांपर्यंत तुमचं बोट पोचणार नसतं. टीव्ही घेणार असाल तर ही तपासणी दुप्पट महत्त्वाची, कारण बरेच टीव्ही वीज आली तरी रिमोटची वाट बघत बसतात. मग मागची चार भोकं मोजा. बहुतेक मॉनिटरांना ती ७५ किंवा १०० मिलिमीटरच्या चौकोनात असतात आणि त्यांवरच तो कॅबिनेटमध्ये टांगायचा असतो. काही मॉनिटरांना ती नसतातच, म्हणून खरेदीआधीच विचारा. शेवटी पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा पडदा लावून मेलेले ठिपके शोधा.

## जुना ट्यूबचा, म्हणजे सीआरटी पडदा मिळतोय. घेऊ का?

त्याचं चित्र खरंच सुंदर असतं, आणि हे खेळ ज्यांनी रेखाटले त्यांनी त्याच पडद्यावर रेखाटले. पण त्याने तुमचा सगळा क्रम बदलतो. अस्सल आर्केड ट्यूब १५ किलोहर्ट्झवर चालते, नेहमीच्या कॉम्प्युटरचं व्हीजीए ३१ किलोहर्ट्झच्या पुढे, त्यामुळे कॉम्प्युटर किंवा व्हिडिओ कार्ड ट्यूबला साजेसं शोधावं लागतं. कॅबिनेट खोल होतं, वजन वाढतं. आत २० हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही तो ट्यूबमध्ये शिल्लक राहू शकतो. मागचं झाकण उघडायचं काम जाणकाराकडेच द्या.

जुन्या यंत्रांतले अस्सल सर्किट बोर्ड लावायचे असतील तर १९८५ च्या जॅमा मानकाचं (आर्केड बोर्डांच्या जोडणीचं मानक) ५६ संपर्कांचं हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा आणि त्याचा वीजपुरवठा आधी घ्यावा लागतो. त्या मानकात प्रत्येक खेळाडूला तीनच बटणं धरलेली आहेत, सहा बटणांच्या खेळाला जादा तारा वेगळ्या ओढाव्या लागतात. हा रस्ता फार आनंदाचा आहे, फक्त तो दुसऱ्या कॅबिनेटसाठी ठेवा.

## कॉम्प्युटर आधी घ्यायचा की शेवटी? शेवटी घेतला तर तेवढ्याच पैशांत जास्त वेगवान मिळेल ना?

घरात जुना लॅपटॉप किंवा डेस्कटॉप असेल तर त्यावरच सुरुवात करा आणि खरेदी पुढे ढकला. १९८० च्या दशकातल्या खेळांना त्याची ताकद पुरून उरते. जुनं काहीच नसेल तर मात्र कॉम्प्युटर पहिल्याच टप्प्यात हवा, कारण त्याच्याशिवाय बटणं तपासता येत नाहीत, मॉनिटर तपासता येत नाही, आणि यादीतले खेळ अजून आवडतात का हेही कळत नाही. माझ्या यादीतले तीन खेळ मी आठवडाभर कीबोर्डवर खेळल्यावर खोडले.

रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर घेणार असाल तर त्याच्याबरोबर काय काय लागतं ते आधी बघा. पाय ४ ला मायक्रो एचडीएमआयची केबल आणि ५ व्होल्ट ३ अँपियरचा अडॅप्टर लागतो. पाय ५ साठी ५ व्होल्ट ५ अँपियरचा अडॅप्टर सांगितलेला आहे, आणि त्याला हेडफोनचं भोक नाही. म्हणजे आवाज एचडीएमआयमधून मॉनिटरकडे जाणार, आणि मॉनिटरला आवाज बाहेर काढायची सोय आहे का हे मॉनिटर घेण्याआधी बघावं लागणार. नाहीतर यूएसबीचं साउंड कार्ड खरेदीच्या यादीत वाढवा.

## जॉयस्टिक आणि बटणं दोन्ही खेळाडूंची एकदम घ्यावीत का?

एकाचीच घ्या. एक जॉयस्टिक, सहा बटणं, एक एन्कोडर. ती एका जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवा आणि आठ-दहा दिवस खेळा. कागदावर कितीही वाचलं तरी जॉयस्टिकचा ताण आणि बटणाचा दाब मनगटालाच कळतो. जपानी धाटणीची जॉयस्टिक हलकी, वर गोल गोळा असलेली, आणि बटण नुसतं बोट टेकवलं तरी दबतं. अमेरिकी धाटणीची दांडी उभट, जरा कडक, बटणाला खोल दाब लागतो आणि स्पष्ट टक्क वाजतो. घरातल्या सगळ्यांना खेळू द्या. आवडलं नाही तर अर्ध्याच सामानाचा प्रश्न असतो.

चार आणि आठ दिशांचा मुद्दा पण इथेच निकालात काढा. आठ दिशांच्या जॉयस्टिकवर पॅक-मॅन खेळताना वळणावर हात किंचित तिरका पडला की पात्र वळत नाही, सरळ पुढे जातं आणि भुताच्या तोंडी सापडतं. काही जॉयस्टिकच्या तळाशी एक पट्टी असते, ती फिरवून चार आणि आठ दिशांत अदलाबदल करता येते. चक्रव्यूहाचे खेळ यादीत असतील तर अशीच जॉयस्टिक शोधा.

## बटणांची मापं सारखी असतात ना?

नसतात, आणि इथेच सर्वांत जास्त पॅनेलं फुकट जातात. सान्वासारख्या जपानी बटणांना ३० मिलिमीटरचं भोक लागतं, स्टार्टच्या लहान बटणांना २४. हॅप धाटणीच्या अमेरिकी बटणांना सुमारे २८.५. २८.५ चं भोक घासून ३० पर्यंत मोठं करता येतं, ३० चं लहान करता येत नाही. बटण हातात असल्याशिवाय भोक पाडू नका, आणि टाकाऊ फळीवर एक भोक पाडून बटण बसवून बघितल्याशिवाय खऱ्या पॅनेलला ड्रिल लावू नका.

जाडीही बघा. नुसती दाबून बसणारी बटणं पातळ पत्र्यासाठी किंवा ॲक्रिलिकसाठी असतात. १८ मिलिमीटर लाकडात त्यांच्या खिट्ट्या उघडतच नाहीत, बटण वर उचललं जातं. जाड लाकडाला लांब आट्यांची, खालून नट आवळायची बटणं लागतात. तीच गोष्ट जॉयस्टिकची: १८ मिलिमीटर फळीखाली तशीच लावली तर दांडीचा मोठा भाग लाकडातच राहतो आणि वर आखूड दांडी उरते. त्यासाठी खालून राउटरने (लाकूड कोरायच्या यंत्राने) खाच पाडावी लागते, किंवा पॅनेलच पत्र्याचं करावं लागतं. म्हणजे बटणं ठरली की पॅनेल कशाचं ते ठरतं. उलट्या वाटेने गेलात तर आवडती बटणं सोडून द्यावी लागतील.

## एन्कोडर म्हणजे नक्की काय, आणि किती तोंडांचा घ्यावा?

बटणाच्या तारा एका बाजूने येतात आणि यूएसबीतून कॉम्प्युटरकडे जातात, त्या मधल्या छोट्या पट्टीला एन्कोडर म्हणतात. आय-पॅकसारखा एन्कोडर कॉम्प्युटरला कीबोर्ड वाटतो, काही गेमपॅड वाटतात. दोन्ही चालतात.

मोजणी अशी करा: दोघांची बटणं १२, स्टार्ट २, नाण्याची २, दोन जॉयस्टिकच्या चार-चार दिशा मिळून ८. झाली २४. त्यावर बाहेर पडायचं आणि थांबवायचं बटण धरून तोंडं, म्हणजे तारा लावायच्या जागा, निवडा. जुना कीबोर्ड खोलून त्याची पट्टी वापरायचा मोह टाळा. एकाच वेळी तीन-चार कळा दाबल्या की साधा कीबोर्ड एखादी गिळतो, आणि दोघे खेळत असताना नेमकं तेच होतं.

तारांच्या टोकांना लावायचे धातूचे लग बटणांबरोबरच मागवा. बऱ्याच जपानी बटणांना २.८ मिलिमीटरचे लागतात, हॅप धाटणीच्या मायक्रोस्विचना ४.८ चे. एका स्विचला दोन लग, म्हणजे दोघांच्या पॅनेलला पन्नासच्या आसपास सहज संपतात, आणि क्रिंप करताना (तारेवर दाबून बसवताना) काही वाया जातातच.

## पुठ्ठ्याचा नमुना खरंच करावा लागतो का?

करा. सगळ्या कामातला मला हाच भाग सर्वांत आवडतो, आणि त्यानेच माझं दुसरं कॅबिनेट वाचवलं. मॉनिटर आणि एका खेळाडूचं सामान घरात आलं की मोठी खोकी उघडून दोन बाजू, पॅनेल आणि पडद्याची चौकट खऱ्या मापाची कापा, चिकटपट्टीने उभी करा, पॅनेलखाली स्टूल ठेवा. पॅनेलची उंची जमिनीपासून ९० ते १०० सेंटिमीटरच्या दरम्यान कुठेतरी येईल. नेमकी कुठे, ते तुमचे कोपर सांगतील.

मग दोघं जण शेजारी उभे राहा. प्रौढ माणसाचे खांदे साधारण ४५ सेंटिमीटर रुंद असतात, दोघांचे मिळून ९०. कॅबिनेटची रुंदी ६० च्या आसपास. हे पुठ्ठ्यासमोर उभं राहिल्याशिवाय जाणवत नाही. आम्ही उभे राहिलो तेव्हा माझा उजवा कोपर दर उडीला माझ्या बहिणीच्या डाव्या हातावर आपटत होता. पॅनेल दोन्ही बाजूंना दहा-दहा सेंटिमीटर बाहेर काढलं, जॉयस्टिका दूर सरकवल्या, आणि प्रश्न सुटला. हात पुठ्ठ्यावर ठेवून बोटांभोवती पेन्सिल फिरवा, बटणांची जागा त्या रेषेवरच आखा. छापील आराखड्यातली बटणांची ओळ तुमच्या बोटांच्या लांबीला धरून काढलेली नसते.

उभा नमुना घरातल्या सर्वांत अरुंद दारापाशी आणि जिन्याच्या वळणापाशीही नेऊन बघा.

## लाकडाबरोबर आणखी काय मागवायचं?

टी-मोल्डिंग, म्हणजे कडांना बसणारी प्लास्टिकची पट्टी. तिची रुंदी लाकडाच्या जाडीशी जुळावी लागते, आणि तिचा मधला दात ज्या खाचेत जातो ती खाच पाडायचं राउटरचं पातं दाताच्या जाडीचं लागतं. ही तिन्ही एकाच दिवशी ठरवा. १९ मिलिमीटरची पट्टी १८ च्या फळीवर एक मिलिमीटर बाहेर डोकावते आणि कपड्यांना अडकते.

एमडीएफ की प्लायवूड? रंग द्यायचा असेल तर एमडीएफचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि खाच स्वच्छ पडते. कॅबिनेट हलवायचं असेल, जमीन ओल धरत असेल तर प्लायवूड.

नाण्यांचं दार खरोखर बसवायचं असेल तर ते पुढची फळी कापण्याआधी हातात हवं. नंतर घेऊ म्हणत असाल तर पुढची फळी स्क्रूने लावा, चिकटवू नका.

## तयार किट घेतलं तर हा सगळा विचार वाचतो का?

बराचसा वाचतो. फक्त किटमध्ये कोणत्या मापाचा मॉनिटर आणि किती मिलिमीटरची भोकं धरलेली आहेत हे आधी विचारा, आणि मॉनिटर किटच्या मापाने घ्या. इथे किट ही न बदलणारी वस्तू आहे, म्हणून ती आधी.

## वीज आणि आवाजाचं काय?

दोन्ही लाकडाच्या आधी घ्या, कारण स्पीकरची भोकं आणि स्विचची जागा फळीतच पडते. चार इंची स्पीकरची जोडी आणि छोटा ॲम्प्लिफायर घरात भरपूर होतो. एक बाहेरचा स्विच सगळ्याला वीज देईल अशी रचना करा. डेस्कटॉप कॉम्प्युटर असेल तर त्याच्या बायोस या मूळ सेटिंगमध्ये वीज आली की आपोआप सुरू होण्याची सोय बहुधा मिळते, ती चालू ठेवा. बंद करताना मात्र आधी कॉम्प्युटर रीतसर बंद करायचा आणि मग स्विच. थेट वीज तोडत राहिलं तर मेमरी कार्डवरची माहिती खराब होते. भिंतीच्या विजेचं जोडकाम येत नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

## खेळ कुठून आणायचे?

मेम हा १९९७ पासूनचा प्रसिद्ध इम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्रांची नक्कल करून त्यांचे खेळ चालवणारा प्रोग्राम, मोफत आहे, पण खेळांचे हक्क त्यांच्या मालकांकडे आहेत. कायदेशीर विकत मिळणारे संग्रह आहेत, नवे लोक जुन्या धाटणीचे खेळ बनवतात, आणि मेमच्या संकेतस्थळावर मालकांच्या परवानगीने ठेवलेले मोजके जुने खेळही आहेत. हाही प्रश्न यादी करतानाच सोडवा. जो खेळ सरळ मार्गाने मिळणारच नाही त्याच्यासाठी ट्रॅकबॉल घेऊन ठेवण्यात अर्थ नाही.

## मधेच पैसे संपले तर?

क्रम पाळला असेल तर प्रत्येक टप्प्यावर काहीतरी खेळता येतं. पहिल्या टप्प्यानंतर खोक्यातलं कंट्रोल घरच्या टीव्हीला लावा. मॉनिटरनंतर टेबलावरचं छोटं आर्केड तयार. लाकडानंतर रंग न दिलेलं, चित्रं नसलेलं पण पूर्ण चालणारं कॅबिनेट. माझं दुसरं कॅबिनेट पाच महिने नुसत्या प्रायमरवर उभं होतं आणि त्या पाच महिन्यांत त्यावर सर्वांत जास्त खेळलं गेलं.

## मार्की, चित्रं आणि काच इतकी शेवटी का?

कारण उभं राहिलेलं कॅबिनेट आराखड्यापेक्षा दोन-चार मिलिमीटरने वेगळं असतंच. चित्र आधी छापलं तर ती तफावत पांढऱ्या कडेत दिसते. पडद्यापुढची काच टफन केलेली (तापवून मजबूत केलेली) घेणार असाल तर ती टफन झाल्यावर कापता येत नाही, घासूनही बसवता येत नाही. म्हणून मॉनिटर बसलेला असताना, तीन ठिकाणी रुंदी मोजून, सर्वांत लहान मापातून दोन मिलिमीटर वजा करून ती मागवा. मार्कीमागे १२ व्होल्टची एलईडी पट्टी पुरते. छापाई मात्र मागून उजेड आरपार येईल अशा फिल्मवर करा, साध्या कागदावर दिव्यांचे ठिपके दिसतात.

## सुटे भाग किती ठेवायचे?

दुसऱ्या खेळाडूचं सामान मागवतानाच त्याच रंगाची दोन जादा बटणं, दोन मायक्रोस्विच आणि मूठभर लग घ्या. वर्षाने तोच रंग मिळेल याची खात्री नसते. हे सगळं एका कापडी पिशवीत घालून मागच्या दाराच्या आतल्या बाजूला टांगा, आणि त्याच दारावर कोणती तार एन्कोडरच्या कोणत्या तोंडात गेली आहे त्याचा कागद चिकटवा. बटण एखाद्या दिवशी ऐन खेळात बंद पडतं, आणि तेव्हा कोणीतरी पॅनेलवर हात ठेवून वाट बघत उभं असतं.